उतार सर्वांना सारखा : साबणाच्या खोक्याची गाडी आणि बोरघाटाचा ब्रेक

१/
‘शिळफाटा’ म्हटले की मुंबईकरांना बहुधा मुंब्रा–कल्याणकडचा फाटा आठवतो. या धाग्यातला शिळफाटा खोपोलीचा आहे. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, बोरघाटाच्या पायथ्याशी. जुन्या रस्त्याने घाट उतरलेले वाहन येथे येते तेव्हा त्याच्या इंजिनाची नव्हे, ब्रेकची परीक्षा झालेली असते. उतार म्हणजे काय, हे या परिसराइतके जवळून ओळखणारी गावे महाराष्ट्रात थोडीच असतील.

२/
विषय आहे उतारावरच्या एका खेळाचा : ‘सोप बॉक्स डर्बी’. इंजिन नाही, पेडल नाही, बैल नाही, घोडा नाही. मुलांनी बांधलेल्या चार चाकांच्या गाड्या उंचावरून सोडायच्या आणि खाली कोण आधी पोहोचते ते पाहायचे. शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. तयारी मात्र कित्येक आठवडे चालते. निकालाचा मोठा भाग त्या तयारीतच ठरून गेलेला असतो. म्हणूनच या खेळाचा इतिहास हा मुख्यतः तयारीचा, तपासणीचा आणि सचोटीचा इतिहास आहे.

३/
महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंगे, लाकडी फळी, पुढे मधोमध एका बोल्टवर फिरणारा आडवा दांडा आणि त्याला बांधलेली दोरी : ही ‘बेअरिंगची गाडी’ अनेक गावांतल्या, चाळींतल्या, वसाहतींतल्या मुलांनी बनवली आहे. डांबरी रस्त्यावर तिचा खरखरणारा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. ब्रेक म्हणजे चपलेचा तळ. नियम एकच : घसरताना रडायचे नाही. या गाडीला तराजू, तपासनीस आणि बंद केलेला रस्ता मिळाला नाही. अमेरिकेतल्या अशाच गाडीला ते मिळाले. कसे, ते पुढे.

४/
साल १९३३. अमेरिका महामंदीच्या खाईत होती. ओहायो राज्यातील डेटन शहरात ‘डेटन डेली न्यूज’ या वृत्तपत्राचा छायाचित्रकार मायरन स्कॉट याला काही मुले घरगुती गाड्या उतारावरून पळवताना दिसली. पेट्यांच्या फळ्या, लहान मुलांच्या ढकलगाड्यांची चाके, हाताला लागेल ते सामान. स्कॉटने छायाचित्रे घेतली आणि मुलांना सांगितले की पुन्हा या, विजेत्याला बक्षीस देऊ. त्या वेळी १९ मुले जमली. प्रतिसाद पाहून त्याने वृत्तपत्राच्या पाठबळावर मोठी शर्यत भरवायचे ठरवले.

५/
१९ ऑगस्ट १९३३ रोजी ती शर्यत झाली. ३६२ मुले गाड्या घेऊन आली आणि सुमारे ४०,००० प्रेक्षक जमले, असे त्या शर्यतीच्या इतिहासात नोंदले आहे. पैशाची चणचण असलेल्या काळात एवढी गर्दी का जमली, हे समजणे अवघड नाही. विकत काही घ्यावे लागत नव्हते. घरातल्या निरुपयोगी वस्तूंतून मुलाने काहीतरी उभे केले होते आणि ते चालत होते. बेकारीने खचलेल्या बापांना हे दृश्य बरे वाटले असणार.

६/
नावाविषयी थोडे. त्या काळी साबणाच्या वड्या लाकडी खोक्यांतून दुकानात येत; रिकामे खोके मुलांच्या हाती पडे आणि त्याची बैठक होई. म्हणून ‘सोप बॉक्स’. ‘डर्बी’ हा शब्द इंग्लंडमधील एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतीवरून आला. १७८० साली सुरू झालेल्या त्या शर्यतीला डर्बीच्या अर्लचे नाव मिळाले होते. सरदारांच्या घोड्यांचे नाव मुलांच्या साबणाच्या खोक्याला जोडले गेले, यातला विनोद नाव देणाऱ्यांना नक्कीच ठाऊक असावा.

७/
त्या पहिल्याच शर्यतीत एक लक्षणीय गोष्ट घडली. दुसऱ्या क्रमांकाने आलेल्या स्पर्धकाने डोक्यावरचे शिरस्त्राण काढले तेव्हा ती मुलगी निघाली : अ‍ॅलिस जॉन्सन. प्रेक्षक थक्क झाले. पुढे ही स्पर्धा राष्ट्रीय झाल्यावर ती केवळ मुलग्यांची ठरवण्यात आली आणि मुलींना रीतसर प्रवेश मिळायला १९७१ साल उजाडावे लागले. उताराने मुलगा-मुलगी असा भेद केला नव्हता. तो नियमावलीने केला. १९७५ साली कॅरेन स्टेड ही अकरा वर्षांची मुलगी राष्ट्रीय विजेती ठरली. मुलींना दार उघडल्यापासून चारच वर्षांत.

८/
१९३४ मध्ये शेवरोले या मोटार कंपनीच्या साहाय्याने पहिली ‘ऑल-अमेरिकन सोप बॉक्स डर्बी’ डेटनला झाली. १९३५ मध्ये ती त्याच राज्यातील अ‍ॅक्रन शहरात गेली. तेथील भूभाग अधिक चढउताराचा होता. त्याच वर्षी एक गाडी ताब्याबाहेर गेली आणि रेडिओवरून शर्यतीचे वर्णन करणाऱ्या निवेदकांवर आदळली. ग्रॅहम मॅकनॅमी हा त्या काळचा देशभर प्रसिद्ध निवेदक जखमी झाला. बातमी सगळीकडे पोहोचली, स्पर्धेचे नावही पोहोचले. पण एक गोष्ट आयोजकांना कळून चुकली : रहदारीचा रस्ता एका दिवसापुरता अडवून भागणार नाही.

९/
१९३६ साली अ‍ॅक्रनमध्ये ‘डर्बी डाउन्स’ ही खास धावपट्टी तयार झाली. मंदीत बेकारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने जी सार्वजनिक बांधकामांची योजना काढली होती, तिच्या साहाय्याने हे काम झाले. आजच्या धावपट्टीची लांबी सुमारे ३०० मीटर. आरंभी उतार सुमारे १६ टक्के, मग ६ टक्के, शेवटी २ टक्के. उतार क्रमाक्रमाने मावळत जातो आणि पुढे थांबण्यासाठी मोकळी जागा राहते. गाड्यांचा कमाल वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास जातो.

१०/
या आकड्यामागचे गणित शाळेतले आहे. घर्षण आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर गाडीचा वेग ती किती उंचीवरून खाली आली एवढ्यावरच ठरतो. ३ मीटर उतरली तर ताशी सुमारे २८ किलोमीटर. ५ मीटर उतरली तर ३६. १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजले उतरली तर ५५. येथे वजनाचा प्रश्न येत नाही. गॅलिलिओने उतरत्या खाचेतून गोळे सोडून जे दाखवले ते हेच. उतार हे असे इंजिन आहे जे श्रीमंताला मोठे आणि गरिबाला छोटे मिळत नाही.

११/
मग शर्यत कशाची उरते? जे बाजूला ठेवले त्याचीच. हवेचा विरोध, चाकांतले घर्षण, फिरणाऱ्या चाकांनी गिळलेली शक्ती, वाकडी चाल. सगळ्यांना सारखीच ऊर्जा मिळते. कोण ती कमी वाया घालवतो, एवढाच प्रश्न. डर्बीची सगळी तयारी या एका वाक्यात मावते. वेग मिळवायचा नसतो. मिळालेला वेग गळू द्यायचा नसतो.

१२/
पहिली गळती आसातून होते. पुढचा आणि मागचा आस गाडीच्या मध्यरेषेशी काटकोनात आणि एकमेकांशी समांतर नसेल, तर चाक लोळता लोळता थोडे घासतही जाते. डोळ्याला तो फरक दिसत नाही. म्हणून मुले दोन्ही बाजूंचे अंतर सुतळीने किंवा मोजपट्टीने पुन्हा पुन्हा मोजतात : पुढच्या डाव्या चाकापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात बसली. घर बांधणारा गवंडी पाया आखताना हीच युक्ती वापरतो.

१३/
दुसरी गळती सुकाणूतून. दोरी किंवा तार सैल असेल तर गाडी नागमोडी जाते. फार ताणली तर हात अवघडतात आणि किरकोळ धक्क्यालाही गाडी वळते. सर्वांत वेगवान चालक तो, जो सर्वांत कमी वळतो. प्रत्येक वळण म्हणजे चाक आडवे घासणे. त्यामुळे तयारीत गाडी जितकी घडवायची तितकेच मुलाला घडवायचे असते : अंग खाली घ्यायचे, डोके स्थिर ठेवायचे, पुढची रेषा पाहायची, हाताची चुळबुळ थांबवायची. दहा वर्षांच्या मुलाला हे शेवटचे सर्वांत कठीण जाते.

१४/
तिसरी बाब वजनाची. वर म्हटल्याप्रमाणे निर्वात जागेत वजनाने फरक पडत नाही. पण हवेत पडतो. दोन सारख्या आकाराच्या गाड्यांना हवा सारखाच विरोध करते, आणि जड गाडी त्याने कमी मंदावते. म्हणून डर्बीत गाडी आणि चालक मिळून वजनाची कमाल मर्यादा असते. ‘स्टॉक’ गटात २०० पौंड म्हणजे सुमारे ९१ किलो, ‘सुपर स्टॉक’मध्ये २४० पौंड, ‘मास्टर्स’मध्ये २५५ पौंड. हलक्या मुलाने लोखंडी किंवा शिशाची वजने जोडून मर्यादा गाठायची. त्यामुळे बारीक अंगाची मुलगी आणि धिप्पाड मुलगा एकाच उतारावर बरोबरीने उभे राहू शकतात.

१५/
ही वजने कुठे आणि कशी बसवायची, यावर तपासनीसांचा कटाक्ष असतो. गाडी आरंभाच्या उतारावर नाक खाली करून उभी असते, म्हणजे तिचा मागचा भाग उंचावर असतो. म्हणून अनेक स्पर्धक वजन मागे ठेवतात. पण फार मागे गेले तर पुढची चाके हलकी पडतात आणि गाडी सुकाणूचे ऐकत नाही. सर्वांत महत्त्वाचे, वजन बोल्टने पक्के आवळलेले हवे. गाडी अचानक थांबली तर सुटे लोखंड थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे, म्हणजे मुलाच्या पाठीत जाते.

१६/
चौथी बाब चाकांची, आणि येथे डर्बीने एक शहाणी पद्धत स्वीकारली आहे. चाके सर्वांना ठरावीक प्रकारचीच. स्थानिक शर्यतींत दोन गाड्या एकदा धावल्या की त्यांच्या चाकांची आणि मार्गिकांची अदलाबदल करतात आणि तीच जोडी पुन्हा सोडतात. दोन्ही धावांतला फरक मिळून निकाल. एखाद्याला चांगली चाके किंवा रस्त्याची चांगली बाजू मिळाली असेल, तर दुसऱ्या धावेत ती प्रतिस्पर्ध्याकडे जाते. हरलेल्या मुलाला ‘माझे चाकच खराब होते’ म्हणायला जागा राहत नाही. न्याय नुसता झाला नाही, तर मुलाच्या डोळ्यांसमोर झाला.

१७/
यानंतर येते तपासणी. गाडी तराजूवर चढते. ब्रेक पाहिला जातो : साध्या रचनेत पायाने पेडल दाबले की खालचा रबरी ठोकळा जमिनीवर टेकतो. सुकाणू दोन्ही बाजूंना किती वळते, बोल्ट आवळलेले आहेत का, मुलाचा पाय पेडलपर्यंत खरोखर पोहोचतो का. तपासणीनंतर गाड्या आयोजकांच्या ताब्यात राहतात. शर्यतीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वरकरणी हा अविश्वास वाटतो. प्रत्यक्षात त्यात प्रत्येक मुलाचे संरक्षण असते. हा नियम किती आवश्यक आहे, ते १९७३ ने दाखवले.

१८/
१९७३ ची राष्ट्रीय शर्यत कोलोरॅडोतील बोल्डर येथील १४ वर्षांच्या मुलाने जिंकली. पण त्याची गाडी आरंभीच काहीशा अस्वाभाविक झपाट्याने पुढे जात होती, आणि फेरीगणिक त्याची आघाडी कमी होत होती. संशय आला. गाडीची क्ष-किरण तपासणी झाली. नाकाच्या भागात विद्युतचुंबक सापडला. आरंभरेषेवर गाड्या लोखंडी फळीला टेकून उभ्या असत. फळी पुढे पडे तेव्हा चुंबक तिच्याकडे ओढला जाई आणि गाडीला हिसका मिळे. कळ डोके टेकायच्या जागी लपवलेली होती. मुलाने मान मागे दाबली की चुंबक चालू. बॅटरी उतरत गेली तशी आघाडीही उतरत गेली.

१९/
अवघ्या दोन दिवसांत विजेतेपद काढून घेण्यात आले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला ते मिळाले. चुंबकाची योजना मुलाची नव्हती. ती त्याच्या मामा-काकांच्या पिढीतल्या एका नातलगाची होती. बर्फावरील खेळांचे बूट बनवणारा तो यशस्वी उद्योजक होता. इतरही नियम मोडतात, मग आपल्या मुलाने मागे का राहावे, अशा आशयाचा त्याचा बचाव होता. अल्पवयीन मुलाला गैरवर्तनाकडे नेल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला २,००० डॉलर देण्याच्या अटीवर प्रकरण मिटले.

२०/
या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले? शेवरोलेने आदल्याच वर्षी अंग काढून घेतले होते. स्पर्धा आधीच डळमळत होती. ती सावरली. नातलगाचा दंड भरून झाला. राहिला तो मुलगा. ज्या वयात ‘हे मी केले’ असे म्हणता यावे, त्या वयात त्याच्या हाती दुसऱ्याने केलेली गाडी आली आणि दुसऱ्याने केलेली लबाडी त्याच्या नावावर लागली. घरच्या मोठ्यांनी विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प मुलाच्या नावे करून देणे आपल्याकडेही अपरिचित नाही. चुंबक नसतो, एवढाच फरक.

२१/
डर्बीने यावर काढलेला एक उपाय विचार करण्याजोगा आहे. १९७६ पासून लहान मुलांच्या गटासाठी ठरावीक सुट्या भागांच्या संचातून गाडी जोडण्याची पद्धत आली आणि पुढे ती अन्य गटांतही पसरली. आज सात ते वीस वयाची मुले-मुली भाग घेतात. काहींना हा ऱ्हास वाटतो : खोक्यातून गाडी घडवण्याची कल्पकता गेली. ती काही प्रमाणात गेलीच. पण त्याबरोबर बापाच्या कारखान्याचा, यंत्रशाळेचा आणि पैशाचा फायदाही आटला. कल्पकता आणि समता यांत ओढाताण झाली तेव्हा मुलांच्या खेळाने समतेच्या बाजूने कौल दिला.

२२/
आता पुन्हा बोरघाटाकडे. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. पण मधला घाट बाकी होता. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि वर दुसरी गाडी धरत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढ, २५ बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोहोचताच थोड्याच दिवसांत वारला. पुढे कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने सांभाळले. हजारो मजुरांनी हे काम केले आणि त्यांतले कितीतरी कॉलऱ्याने व अपघातांनी दगावले.

२३/
या मार्गाचा सर्वांत तीव्र उतार ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर खाली, टक्क्यांत २.७. डर्बी डाउन्सच्या १६ टक्क्यांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण येथे लोखंडावर लोखंड लोळते, पकड फार थोडी आणि मागे शेकडो टन वजन. चढताना कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडतात, हे प्रत्येक प्रवाशाने पाहिले आहे. खरी धास्ती उतरण्याची. चढताना शक्ती कमी पडली तर गाडी उभी राहते. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती उभी राहत नाही.

२४/
त्यासाठी घाटात एक व्यवस्था आहे. उतरत्या मार्गावर मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुख्य मार्गातून एक फाटा फुटतो आणि चढाकडे जाऊन संपतो. रुळांची कळ एरवी त्या फाट्याकडेच लावलेली असते. उतरणारी गाडी तेथे थांबते, म्हणजे ब्रेक चालतो हे सिद्ध होते, मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. थांबू शकली नाही तर ती आपोआप त्या फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग मावळतो. येथे नियमाने गृहीत धरले आहे की ब्रेक निकामी आहे. चालतो हे गाडीने दाखवायचे.

२५/
सोप बॉक्स गाडीच्या तयारीत हाच नियम पहिला असायला हवा. मुले वेगापासून सुरुवात करतात. ते साहजिक आहे. मोठ्यांनी थांबण्यापासून करावी. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ५ मीटर उंचीवरून आलेली गाडी ताशी ३६ किलोमीटरला पोहोचली आणि बऱ्यापैकी ब्रेकने थांबवली, तरी तिला १५ ते २० मीटर सपाट जागा लागते. ब्रेक बेताचा असेल तर दुप्पट. म्हणून धावपट्टी अंतिम रेषेवर संपत नाही. ती गाडी उभी राहते तेथे संपते.

२६/
खोपोलीने गुरुत्वाकर्षणाचे दुसरे रूपही पाहिले आहे. १९१५ मध्ये येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून पाचशेहून अधिक मीटर खाली येते, चक्रे फिरवते आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. तोच डोंगर, तीच उंची. रेल्वेला जो उतार धोक्याचा, तो वीजकेंद्राला उपयोगाचा. फरक फक्त एवढा की पाणी नळात कोंडलेले आणि झडपेच्या ताब्यात होते. ताब्यात असलेला उतार म्हणजे शक्ती, ताब्यातून सुटलेला म्हणजे अपघात.

२७/
प्रौढांसाठी चित्रविचित्र गाड्यांची अशी शर्यत रेड बुल कंपनीने २००० साली ब्रुसेल्सला भरवली आणि तो तमाशा पुढे मुंबईतही झाला. तेथे गाडी मोडली तरी टाळ्या मिळतात. मुलांची शर्यत वेगळी. तेथे मोडलेली गाडी म्हणजे कोणाचा तरी मोडलेला महिना असतो. शिळफाट्याच्या परिसरातील एखाद्या शाळेने अशी शर्यत भरवायची म्हटले, तर पहिली अट ही की घाटरस्ता आणि वाहता फाटा यांचा विचारही करू नये. शाळेच्या किंवा कारखान्याच्या आवारातला, फाटक बंद करता येईल असा छोटा उतार पुरतो. ३ मीटरची उंची मुलांच्या आनंदाला कमी पडत नाही.

२८/
तयारीचा क्रम असा राहील. महिनाभर आधी : उंची आणि थांबण्याची जागा मोजणे, मगच नियम लिहिणे. वजनाची मर्यादा, चाकांचा व्यास, ब्रेकची सक्ती, डोक्यावर हेल्मेट. तीन आठवडे : गाडी बांधणे, सुरी-करवत मोठ्याच्या देखरेखीत, पण आखणी आणि आवळणी मुलाच्या हाताने. शेवटचा आठवडा : सपाटीवर ढकलून ब्रेकची चाचणी, मग उताराच्या अगदी खालच्या टप्प्यावरून, मग अर्ध्यावरून. वरून पहिली धाव शर्यतीच्या दिवशी नसावी.

२९/
आदल्या संध्याकाळी : धान्याच्या दुकानातला मोठा काटा आणून वजन, बोल्ट एकेक करून तपासणे, गाड्या खोलीत ठेवून कुलूप. सकाळी : उतार झाडणे, कारण एक खडा चाकाखाली आला तरी गाडी फिरते, कडेला गवताचे भारे किंवा जुने टायर, प्रेक्षक उताराच्या बाजूला दोरीमागे, टोकाला कोणीही नाही. प्रत्येक फेरीनंतर खालून हिरवा झेंडा दिसल्याशिवाय वरून गाडी सोडायची नाही. एका मुलाला तपासणीचे काम द्यावे : गाडी कोणी बांधली, हा प्रश्न मुलांनीच मुलांना विचारला की उत्तरे खरी येतात.

३०/
१९३३ च्या डेटनमध्ये उतार होता, मुले होती, मोडक्या पेट्या होत्या. स्कॉटने भर घातली ती तारीख, बक्षीस आणि लक्ष यांची. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत स्पर्धेने उरलेल्या गोष्टी शिकून घेतल्या : १९३५ मध्ये निवेदकावर आदळलेल्या गाडीने स्वतंत्र धावपट्टी दिली, १९७३ च्या चुंबकाने मुलाच्या कामावरचा मोठ्यांचा हात उघडा पाडला. यांतला कोणताही धडा नव्याने, इजा होऊन शिकण्याची गरज कर्जत-खालापूरच्या मुलांना नाही.

३१/
बेअरिंगची गाडी अजून बनते. फळीही मिळते, बेअरिंगही मिळते, उताराला तर तोटाच नाही. हवा असतो तो वजनकाटा, बंद फाटक आणि खाली उभा राहून आधी ब्रेक दाखव म्हणणारा एक माणूस. घाटातली आगगाडी रोज एवढे करूनच कर्जतला पोहोचते.